ऑफर एकाची, बिऱ्हाड सगळ्यांचं

आजचा विषय आमच्या गटांच्या बैठकीतूनच आला आहे. मिस्टरांना बाहेरगावची, म्हणजे परदेशातली नोकरी मिळते आहे, पगार चांगला सांगतात, पुढे बायको-मुलांनाही नेता येईल म्हणतात, तर जावं का? पवईत हा प्रश्न चाळीत, वस्तीत आणि टॉवरमध्येही विचारला जातो. कुणाला आखातात ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी म्हणून बोलावणं येतं, तर कुणाला अमेरिकेत कॉम्प्युटरचं काम मिळतं. पगाराचे आकडे वेगळे असले तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. ऑफरच्या कागदावर नाव एकाचं असतं आणि त्या कागदामुळे हलतं ते अख्खं बिऱ्हाड.

परदेशी करार आपल्या माणसांना नवीन नाही. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. त्यांत रत्नागिरी, सातारा भागातले मराठी लोकही मुंबई बंदरातून गेले. ‘ॲग्रीमेंट’चं त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं. कित्येकांना त्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, अंगठा उठवला की झालं. आज आपल्याला वाचता येतं. मग वाचूनच सही करायची. आणि घरच्या बाईनेही तो कागद वाचायचा, कारण तिचं आणि मुलांचं पुढचं आयुष्य त्यावर ठरणार आहे.

आधी एजंट तपासा

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी असावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक मोबाइलवरही पाहता येतो. तिथे नाव नसेल तर पुढची बोलणी बंद.

नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. त्याची पावती मिळालीच पाहिजे. ‘व्हिसाचे दीड लाख, रोख द्या, पावती नाही’ असं कुणी म्हणालं तर समजून जा.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ’ या वाक्याने. व्हिजिट व्हिसा हा फिरायला जाण्याचा परवाना आहे. त्यावर काम करणारा माणूस तिथल्या कायद्यात गुन्हेगार ठरतो आणि पगार बुडाला तर तक्रार करायलाही घाबरतो.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ असा शिक्का असतो. अशा माणसाला सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाण्याआधी उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी घेताना करार सरकारदरबारी नोंदला जातो आणि ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ काढावी लागते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये आणि वर कर, एवढ्यात दहा लाखांचा अपघात विमा मिळतो. मुंबईतलं उत्प्रवासी संरक्षकांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. पवईहून ते फार लांब नाही.

बाईलाच आखातातल्या घरकामाची ऑफर आली तर आणखी एक नियम आहे. ईसीआर पासपोर्ट असेल तर तिचं वय किमान ३० वर्षं हवं, आणि ही भरती सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच होते. ‘वयाचं आम्ही बघून घेतो’ म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

‘पुढे फॅमिली नेता येईल’ म्हणजे काय?

हे वाक्य तोंडी असतं, करारात क्वचितच असतं. कुटुंबाला नेता येईल की नाही हे त्या देशाचा कायदा ठरवतो, एजंट नाही. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-शारजाच्या देशात, कुटुंबाला बोलावायचं तर पगार महिना किमान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा. ऑफर २,००० दिरहमची असेल तर नवरा कितीही प्रामाणिकपणे म्हणो, ‘सहा महिन्यांत तुम्हाला नेतो’, ते त्याच्या हातात नाही.

सौदी अरेबियात कुटुंबाला ठेवायचं तर माणशी शुल्क आहे. २०१७ साली ते महिना १०० रियाल होतं, दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० रियाल झालं. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १,२०० रियाल.

नियम मध्येच बदलतात, हेही लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये वृद्धांची काळजी घेण्याच्या कामावर आपल्याकडच्या अनेक मुली गेल्या. ११ मार्च २०२४ पासून या कामावर नव्याने जाणाऱ्यांना नवरा-मुलांना सोबत नेणं बंद झालं. म्हणून मागच्या वर्षी शेजारीण गेली, आपणही जाऊ, असा हिशेब धरू नये. आजचा नियम विचारायचा.

हिशेब मांडताना

आमच्या बैठकीत पगाराला रुपयांनी गुणलं की डोळे मोठे होतात. एका दिरहमचे तेवीस-चोवीस रुपये धरले तर ४,५०० दिरहम म्हणजे लाखाच्या वर. पण खर्चही दिरहममध्येच होणार. माणूस एकटा असतो तेव्हा बऱ्याचदा कंपनी खोली देते, चारचौघांत जेवण होतं आणि पैसे घरी येतात. कुटुंब गेलं की भाडं आपलं, वीज-पाणी आपलं, मुलांची शाळा आपली. आखातात परदेशी मुलांना आपल्या पालिकेच्या शाळेसारखी फुकट शाळा नसते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा खासगी आहेत, फी भरावी लागते, बसचे पैसे वेगळे. दुबईत बायको-मुलांचा आरोग्य विमाही बोलावणाऱ्यालाच काढावा लागतो. घरभाड्यासाठी पुढच्या तारखांचे चेक मागतात, म्हणजे गेल्या गेल्या हाताशी मोठी रक्कम लागते.

म्हणून दोन रकाने करा. एकात ‘तो एकटा गेला तर दरमहा घरी किती येतील’ ते, दुसऱ्यात ‘आपण सगळे गेलो तर महिन्याअखेरीस किती उरतील’ ते. पुष्कळ घरांत पहिला रकाना मोठा निघतो. मग कुटुंब नेऊच नये का? तसं आम्ही म्हणत नाही. मुलांना बाप रोज दिसावा, यालाही मोल आहेच. पण ते मोल किती आणि आपल्याला ते परवडतं का, हे माहीत असून निर्णय घ्यावा.

करारात ‘बेसिक’ पगार किती हेही बघा. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांच्या बेसिक पगाराइतकी असते. एकूण पगार मोठा आणि बेसिक छोटा असेल तर शेवटी हाती कमी येतं.

बाईचा व्हिसा कुणावर टांगलेला आहे?

आमच्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत शेवटी विचारला जातो. कुटुंबाच्या व्हिसावर गेलेल्या बाईचं तिथलं राहणं नवऱ्याच्या नोकरीवर उभं असतं. त्याची नोकरी गेली की त्याच्यासोबत बायको-मुलांचेही व्हिसे रद्द करावे लागतात किंवा ठरलेल्या मुदतीत बदलून घ्यावे लागतात. घरात भांडण झालं, मारहाण झाली, तरी बाई बोलायला कचरते, कारण कागद त्याच्या हाती.

कामाचंही तसंच. दुबईत नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला मालकाने वर्क परमिट काढलं तर नोकरी करता येते. पण ‘मी तिथे चार घरी पोळ्या करीन, डबे देईन’ हे परवान्याशिवाय चालत नाही. इथे आपण गटातून पापड, मसाले, डबे विकतो तसं तिथे दारोदार विकता येणार नाही. टॉवरमधल्या शिकलेल्या बायकांचीही हीच गोष्ट आहे. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला एच-फोर व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून ग्रीन कार्डच्या वाटेवर बरंच पुढे गेलेल्यांच्या जोडीदारांना तेवढी परवानगी मिळू लागली. इथे स्वतःचा पगार घेणारी इंजिनिअर तिथे किराण्यासाठी नवऱ्याकडे हात पसरते, तेव्हा तिचं दुःख आपल्या गटातल्या ताईपेक्षा वेगळं नसतं.

म्हणून जाण्याआधी तीन गोष्टी कराच. स्वतःचं बँक खातं चालू ठेवा आणि त्यात परतीच्या तिकिटापुरते पैसे बाजूला ठेवा. स्वतःचा आणि मुलांचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, त्याच्या प्रती माहेरी द्या. नवऱ्याच्या कंपनीचं नाव, पत्ता आणि कराराची प्रत आपल्याकडेही असू द्या.

कागदपत्रं

इथेच महिने जातात. विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले लागतातच. लग्नाची नोंदणी राहिली असेल तर ती महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आधी करून घ्या. त्यानंतर दाखल्यांवर राज्य शासनाचं आणि परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन होतं. अमिरातीसाठी पुढे त्यांच्या दूतावासाचंही लागतं. आपल्या बायकांची खरी अडचण नावाची असते. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. घरी बसून सगळे कागद एका ओळीत मांडा, नाव अक्षरन् अक्षर जुळवा आणि फरक असेल तो ऑफर यायच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

मागे काय ठेवून जातोय?

पवईच्या वस्त्यांत घराचा प्रश्न सर्वांत नाजूक. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला पुनर्वसनात मोफत घर, त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर, असं धोरण आहे. पण सर्वेक्षणाला माणसं येतील तेव्हा घराला कुलूप किंवा आत भाडेकरू असेल तर पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे सगळं कुटुंब एकदम हलवण्याआधी घराचे पुरावे, वीजबिलं, मतदार यादीतलं नाव यांची फाइल करा आणि विश्वासातल्या माणसाला रीतसर मुखत्यारपत्र द्या. कोऱ्या कागदावर सही कुणालाही, अगदी दिरालाही, देऊ नका. नवरा अनिवासी झाला की त्याचं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलावं लागतं, हेही बँकेत विचारून घ्या.

आता गटाचं. अर्जावर ‘घरखर्च’ लिहून घेतलेलं अंतर्गत कर्ज एजंटकडे जातं, तेव्हा त्यात दहा-बारा जणींचे पैसे असतात. एका गटातल्या ताईंनी बैठकीत खरं कारण सांगितलं. सगळ्यांनी मिळून एजंटचं नाव ई-मायग्रेटवर शोधलं, ते सापडलं नाही. कर्ज मंजूर झालं नाही, आणि ताईंचं मंगळसूत्रही गहाण पडलं नाही. तेव्हा कारण खरं सांगा. गटाला विचारणं म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणं नव्हे.

तिथे गेल्यावर पगार अडला, पासपोर्ट काढून घेतला, तर भारतीय दूतावासाकडे जाता येतं आणि ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. भारतातून फोन करायचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११ ३०९०. हा पासपोर्टच्या पाकिटात लिहून ठेवा आणि एक प्रत सासूबाईंच्या डब्यात.

शक्य असेल तर त्याने पहिले सहा महिने एकट्याने जावं. पगार वेळेवर येतो का, कंपनी खरी आहे का, घर-शाळेचा खरा खर्च किती, हे कळू द्यावं. तोवर तुमचं इथलं काम, मुलांची शाळा आणि गटातली बचत चालू राहील. मग दोघांनी मिळून ठरवावं. जायचं ठरलं तर आनंदाने जा. तुमच्या जाण्याची आम्हाला काळजी नाही, फक्त जाणाऱ्या प्रत्येकीला आपल्या कागदावर काय लिहिलंय ते ठाऊक असावं.

तुमचे प्रश्न बैठकीत ताईंकडे लिहून द्या. पुढच्या भागात त्यांची उत्तरं घेऊन येऊ. तोपर्यंत नमस्कार.