पडलेल्या पोफळींवरून वाऱ्याचा माग

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले. त्या वेळी भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदीनुसार वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता आणि झोत 130 किलोमीटरपर्यंत पोहोचत होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड परिसरातील घरांवरची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वेगाचा हा आकडा वादळाची तीव्रता सांगतो. परंतु एखादी वाडी झोपली आणि दुसरी तगली असे का होते, हे समजण्यासाठी भूरचनेकडे पाहावे लागते.

समुद्रावरून येणारा वारा टेकडीला भिडला की त्याचा प्रवाह माथ्यावर दाटतो व वेगवान होतो. माथ्यापलीकडे तो बहुधा मंदावतो, मात्र उतार तीव्र असल्यास तेथे भोवरे निर्माण होतात. खाडीच्या किंवा खिंडीच्या दिशेने वाहणारा वारा दोन्ही बाजूंच्या डोंगरांत कोंडल्यामुळे अधिक जोर धरतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक ‘आयएस 875’ यासाठी भूस्वरूपाचा गुणक वापरते, ज्याचे मूल्य सपाट जमिनीसाठी 1, तर टेकड्या व कड्यांसाठी 1.36 पर्यंत असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेगातील ही 36 टक्क्यांची वाढ छपरावरील दाब सुमारे 85 टक्क्यांनी वाढवते.

असा बदललेला वारा प्रत्यक्षात कसा वाहिला, हे त्याने केलेल्या पडझडीवरून शोधता येते. पडझडीवरून वाऱ्याचे वर्तन ओळखण्याची पद्धत शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता यांनी टोर्नेडोच्या, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अरुंद व अतिवेगवान वावटळीच्या, अभ्यासातून विकसित केली. 21 जुलै 1987 रोजी अमेरिकेतील वायोमिंगच्या डोंगराळ अरण्यात आलेल्या टोर्नेडोचा मार्ग त्यांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांतील उन्मळलेल्या वृक्षांच्या दिशांवरून रेखाटला. चक्रीवादळाचा विस्तार शेकडो किलोमीटर असला, तरी पडलेले झाड वाऱ्याची दिशा दाखवते, हे तत्त्व तेथेही उपयोगी पडते.

विमानाचे हे काम आता ड्रोन कमी उंचीवरून, अधिक बारकाईने आणि कमी खर्चात करू शकतो. ठरावीक मार्गाने उडताना तो एकमेकांवर बऱ्याच अंशी येणारी छायाचित्रे घेतो आणि ती संगणकावर जुळवून प्रदेशाचा मोजमापयोग्य नकाशा व त्रिमितीय प्रतिरूप तयार होते. त्यावर प्रत्येक झाड मुळासकट उपटले की मध्येच मोडले, ते कोणत्या दिशेला पडले, तेथे उतार किती आणि समोर टेकडीचा आडोसा होता की नाही, हे एकत्र तपासता येते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असल्याने केंद्राच्या दक्षिणेस ते मुख्यतः समुद्राकडून, तर उत्तरेस जमिनीकडून येतात. या अपेक्षित दिशेपासून झाडे जेथे सातत्याने वेगळीकडे पडलेली दिसतात, तेथे भूरचनेचा प्रभाव शोधावा लागतो.

अर्थात, सर्व दोष उताराच्या माथी मारता येत नाही. पोफळीचे सडपातळ खोड, आंब्याचा रुंद विस्तार, वाळूची किंवा पावसाने भिजलेली माती आणि झाडाचे वय यांवरही पडझड अवलंबून असते. म्हणून ड्रोनच्या नकाशाला बागायतदाराची माहिती, जमिनीवरील पाहणी आणि वादळापूर्वीची छायाचित्रे यांची जोड आवश्यक ठरते.

वादळानंतर रस्ते मोकळे करण्यासाठी आणि वाड्या साफ करण्यासाठी पडलेली झाडे लगेच तोडली जातात, व तसे करणे भागच असते. परंतु त्यांच्याबरोबर वाऱ्याचा पुरावाही नाहीसा होतो. त्यामुळे किनाऱ्यावरील गावांचे ड्रोन-सर्वेक्षण दर पावसाळ्यापूर्वी व्हावे आणि वादळ शमताच, पंचनाम्यांसोबत, ते पुन्हा केले जावे. अशा सर्वेक्षणातून बागायतदाराला नुकसानीचा भक्कम दाखला मिळेल आणि पुढचे घर, पुढची वाडी व विजेचा पुढचा खांब कोठे उभारावा हे ठरवण्यास शास्त्रीय आधारही मिळेल.