जुन्या मोटारीतील इंधन-पंपाचा लपंडाव व त्याची परीक्षा

पिशोर भागातील कास्तकाराच्या घरची जुनी मोटार ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. आजाऱ्यास रात्री-अपरात्री कन्नडला नेणे, बी-बियाणे व औषधे आणणे, सोयऱ्याधायऱ्यांकडे जाणे ही सर्व कामे तिच्याच भरवशावर चालतात. गाडी कायमची बंद पडली तर तिच्यावर कोणी विसंबून राहत नाही. परंतु सकाळी सुरळीत चालून दुपारी भर रस्त्यात थांबणारी, व अर्धा तास विसावा मिळताच पुन्हा सुरू होणारी गाडी मालकास खरा दगा देते. कारखान्यात नेली की तिच्यात काहीच खोड आढळत नाही. मग मिस्त्री अंदाजाने पंप बदलतो, पैसे खर्च होतात, आणि चार दिवसांनी चाळीसगावहून परतताना औट्रम घाटाच्या चढावर गाडी पुन्हा उभी राहते.

याकरिता दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. असा दोष हजर असतानाच त्याची परीक्षा करावी. आणि पंपास दोषी ठरविण्यापूर्वी त्याच्या मागची व पुढची वाट तपासावी. विहिरीवरील मोटर पाणी फेकेनाशी झाली असता जाणता शेतकरी प्रथम मोटर उचकटीत नाही. तो विजेचा दाब पाहतो, सक्शन पाइपाचे सांधे पाहतो, फूटव्हॉल्व्हची जाळी पाहतो. मोटारगाडीसही हाच न्याय लागू आहे.

पंपाचे दोन प्रकार

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी, तसेच कार्बोरेटरवर चालणारी मारुती ८००, यांचा पंप इंजिनाच्या अंगास बसविलेला असतो. इंजिन फिरले की आतील रबरी पडदा खालीवर होतो व टाकीतून पेट्रोल ओढले जाते. सन २००० च्या सुमारास इंजेक्शनच्या गाड्या सर्रास आल्या. त्यांचा पंप विजेवर चालतो, टाकीतच बुडालेला असतो, व तो पेट्रोल पुष्कळ अधिक दाबाने पुढे ढकलतो. पहिल्यास सक्शनचा पंप व दुसऱ्यास सबमर्सिबल समजले म्हणजे पुढील विवेचन सहज उमगेल.

प्रथम काय पाहावे

गाडी थांबताच ठिणगी गेली की पेट्रोल गेले, हे ठरवावे. एक प्लग काढून व इंजिनास टेकवून ठिणगी पाहावी. ही परीक्षा पेट्रोलची नळी सोडण्यापूर्वीच उरकावी. सांडलेल्या पेट्रोलाजवळ ठिणगी म्हणजे प्रत्यक्ष आग होय. ठिणगी नसेल तर पंपाचा विचार सोडून द्यावा.

ठिणगी असल्यास टाकीचे झाकण उघडावे. हवा फुसकन आत शिरली व गाडी लगेच चालू लागली, तर हवा आत येण्याची वाट बुजलेली आहे. पेट्रोल उपसले जाते, त्याच्या जागी हवा येत नाही, आणि पंप निर्वात टाकीशी झुंजत राहतो. हा दोष साफसफाईने दूर होतो.

इंजिनावरील पंपाची परीक्षा

इंजिन निवल्यावर कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत धरावी, ठिणगीची तार काढून ठेवावी, व दुसऱ्याने सेल्फ मारावा. पेट्रोलाच्या चिळकांड्या जोरकस व एकसारख्या आल्या तर पंप ठीक. बुडबुडे आले तर टाकीकडील नळीत कोठेतरी हवा शिरत आहे. तडकलेली रबरी नळी किंवा ढिली क्लिप शोधावी. पंपाच्या तळाशी असलेल्या छिद्रातून पेट्रोल ठिबकत असेल, अथवा इंजिन-ऑइलास पेट्रोलचा वास येत असेल, तर पडदा फाटला आहे. अशी गाडी पुढे दामटू नये. पातळ झालेल्या ऑइलाने बेअरिंगे जातात.

वैशाखात इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलाची वाफ होऊनही प्रवाह तुटतो. पंपावर व नळीवर ओले फडके ठेवल्याने गाडी चालू झाली, तर उष्णतेचा दोष समजावा व नळी तापत्या भागापासून दूर बांधावी.

टाकीतील विजेच्या पंपाची परीक्षा

चावी फिरविताच मागील बाजूस दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू येते व थांबते. इंजिन फिरू लागले की पंप पुन्हा चालतो. सुरक्षिततेसाठी केलेली ही रचना आहे. गाडी नीट असताना हा आवाज कानात बसवून घ्यावा, म्हणजे बिघाडाच्या वेळी त्याचा अभाव चटकन कळतो. चावीला घरघर होते, परंतु सेल्फ मारताना पंपही मुका व ठिणगीही नाही, असे आढळल्यास इंजिनाची फेरी मोजणाऱ्या सेन्सरचा संशय घ्यावा. पंप त्यात निर्दोष असतो.

घरघर मुळीच नसेल तर फ्यूज पाहावा व पंपाचा रिले तशाच दुसऱ्या रिलेशी बदलून पाहावा. जुन्या रिलेतील डाक तापल्यावर सुटते व निवल्यावर पुन्हा चिकटते. गाडी थंड होताच चालू होण्याचे हे एक मोठे कारण आहे. त्यानंतर पंपाशी विजेचा दाब मोजावा, मात्र जोड लावलेला ठेवूनच. तुटत आलेल्या तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी भाराविना मीटर पुरे १२ व्होल्ट दाखवितो, व भार पडताच दाब कोसळतो. लांब व बारीक केबलवर दिवा लागतो पण मोटर नुसती गुणगुणते, हा अनुभव आपणांस आहेच. बॅटरीपेक्षा एक व्होल्टाहून अधिक घट दिसली तर तार, जोड व अर्थ साफ करावेत.

वीज पुरी पोचते, अर्थ चांगला आहे, तरी पंप मुका. आणि टाकीस खालून हलकेच ठोकताच तो चालू होतो. एवढे जुळले म्हणजे पंपाचे कार्बन झिजले, हा निर्णय निःशंकपणे द्यावा.

एक फसवे कारण राहिले. टाकीतील गाळ व गंज चालत्या पंपाच्या जाळीवर ओढून बसतो, आणि गाडी थांबली की खाली गळून पडतो. लक्षणे हुबेहूब तापलेल्या पंपाची. गुन्हेगार मात्र टाकी. फूटव्हॉल्व्हला पालापाचोळा अडकावा तसाच हा प्रकार. येथे दाबमापक लावून गाडी चालविल्यास दाब हळूहळू उतरताना दिसतो. पुष्कळ गाड्यांत हा दाब ३ किलोच्या आसपास असतो. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. टाकी न धुता नवा पंप बसविल्यास तोही त्याच वाटेने जाईल.

इथेनॉल व सावधगिरी

सन २०२५ मध्ये देशात पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण गाठले गेले. उसाच्या कास्तकारास हे हिताचे असले तरी जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पडदे त्यासाठी बनविलेले नाहीत. इथेनॉल टाकीतील जुना मळ सोडविते व पाणी शोषून घेते. म्हणून फिल्टर वेळेवर बदलावा व गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. टाकीतील पंप पेट्रोलानेच थंड राहतो, यास्तव पाव टाकी नेहमी भरलेली असावी.

इंजेक्शनच्या गाडीची नळी सोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो. नंतर बॅटरीची ऋण तार सोडावी. विडी-काडी दूर ठेवावी. टाकी उतरविण्याचे काम जाणत्या मिस्त्रीवरच सोपवावे.

शेवटी, गाडीत एक लहान वही ठेवावी. गाडी कधी थांबली, ऊन किती होते, चढ होता काय, टाकीत पेट्रोल किती होते, घरघर ऐकू आली काय व किती वेळाने गाडी चालू झाली, हे तेथल्या तेथे टिपावे. अशा तीन-चार नोंदी मिस्त्रीपुढे ठेवल्या, तर दोष कारखान्यात लपून बसला तरी त्याचा माग निघतो, व पंपाची किंमत विनाकारण खर्ची पडत नाही.