पडला वीस, पडला एक : चार पालथे चिंचोके

बिडकीनच्या एका आजींचा निरोप आलाय आणि तो मनातून जात नाही. नातू त्यांना वीसतोंडी फाशाच्या खेळांवरची ही लेखमाला वाचून दाखवतो. त्या विचारतात, "एक पडला की सगळं फसलं म्हणता. मग आमच्या चल्लस-आठमध्ये चारही पालथे पडले तर आठ कसे हो?"

प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. चिंचोके फरशीवर घासून अर्धे करायचे, पांढरी बाजू वर आली की मोजायची. एक पांढरा तर एक, दोन तर दोन, चारही पांढरे तर चार. मग एकही पांढरा नसला तर हिशेबानं शून्यच. पण इथं त्याच शून्याला आठ घरं, वर पुन्हा टाकायची पाळी! दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असं धरलं, तर चारही काळे पडण्याची शक्यता सोळात एक. आपल्या वीसतोंडी फाशावर एक पडण्याची वीसात एक. दुर्मीळपणा जवळजवळ तोच. आपण त्याला शिक्षा ठेवली, आजीच्या खेळानं बक्षीस.

सगळ्याच देशी खेळांत असं नाही. सारीपाटाचे लांबट फासे घ्या : एक, दोन, पाच, सहा टिंबांचे, एका वेळी तीन. एक आणि दोन सहा म्हणजे पौबारा, चौसष्टात तीनदा. तीनही एक म्हणजे चौसष्टात एकदा, आणि पदरात जेमतेम तीन घरं. तिथं कमी ते कमीच.

आपल्या वीसतोंडी खेळांत तर वीसचं बक्षीसही मागून आलं : १९७४च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये वीस पडल्यावर दुप्पट माराचा नियम नव्हता. तो पुढच्याच वर्षी 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'मध्ये आला. तो खेळ रचणारे एम. ए. आर. बार्कर अमेरिकेत उर्दूचे प्राध्यापक होते. त्यांनी चौसर, म्हणजे आपला सारीपाट, पाहिला असेल का, हा विचार मला कितीदा तरी चाटून जातो.

गेल्या रविवारी आमच्या टेबलावर आजींचा नियम लावून पाहिला. एक पडला तर वार हुकणारच, पण त्या खेळाडूला एक चिंचोका मिळेल. पुढं कधीही तो परत करायचा, फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. खेळात धनुर्धर झालेल्या आमच्या एका मुलीला एक पडला, बाण भिंतीत रुतला. एरवी ती पोर हिरमुसून बसते. परवा चिंचोका मुठीत धरून ती तासभर संधी शोधत होती, आणि शेवटी पूल कोसळताना तिनं तो टेबलावर ठेवला. सात पडला, मग अठरा. पलीकडे पोचली.

मला हा नियम ठेवायचाय. अडचण एकच, तीन-चार चिंचोके साठले की भीतीच उरत नाही. चल्लस-आठ खेळताना काही घरांत लागोपाठ तिसरं मोठं दान जळतं, म्हणजे बाद होतं. आजी, तुमच्याकडे तिसरं आठ जळतं का, तेवढं नातवाकरवी कळवा.