वसई-विरार : पाहण्यासाठी आणि राहण्यासाठी

- शहर : महानगरपालिका २००९ पासून. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर.
- जिल्हा : १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे, त्यानंतर पालघर.
- किल्ला : १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने जिंकली.
- नालासोपारा : प्राचीन शूर्पारक बंदर. येथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी केले.
- गल्लत नको : वसई रोड हे रेल्वे स्थानक, वसई गाव वेगळे. किल्ला गावापलीकडे, खाडीच्या मुखाशी.
- बोली : सामवेदी (कादोडी), वाडवळी, कोळी.
- खासियत : वसईची सुकेळी.
- पाणी : मुख्य स्रोत सूर्या प्रकल्प.
- रोजचा प्रवास : विरार ते चर्चगेट लोकलने सुमारे ६० किलोमीटर.