पगार बाराला

रांजणगाव शेणपुंजीत संध्याकाळचे सात वाजून गेलेत. वाळूज एमआयडीसीतली जनरल शिफ्ट कधीच सुटलीय. भाड्याच्या खोल्यांच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापुढे गर्दी आहे, आणि त्यात निम्मी लेकरं. थोडा वेळ उभं राहिलं की कारण उमगतं. मोठ्या माणसाला उधारी नाकारता येते, लेकराला नाकारणं जड जातं.

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कडेवरच्या भावाला सावरत पुढे घुसते. "भाऊ, दहाचं तेल, पावशेर साखर आन् पाचचा बिस्किटपुडा. मम्मी म्हणली, वहीत लिवा."

दुकानदार वही काढतो. तिचं पान खालपर्यंत भरलंय. "दूध नको का आज?"

"नको. पगार झाल्यावर."

आज नऊ तारीख आहे. दुकानदार सुटं तेल मापून पिशवीत ओततो, गाठ मारतो. महिन्याचा डबा एकदम भरणाऱ्याला हेच तेल स्वस्त पडलं असतं. गरिबाला रोजचं रोज घ्यावं लागतं, म्हणून महाग घ्यावं लागतं.

तेवढ्यात तिची आई येते. अंगावर अजून कंपनीचा ॲप्रन. ती पॅकिंगला, नवरा प्रेस शॉपला, दोघंही ठेकेदाराकडून. मी विचारते, पगार किती? "माझे साडेनऊ, मालकाचे तेरा. साडेतीन हजार खोलीला जातेत, लाइटबिल वेगळं. गावाकडं सासूला धाडावं लागतंय, मोठ्या दवाखान्याचं कर्ज हाय." रेशन कार्ड जिंतूरकडं गावी आहे. कुठल्याही दुकानातून धान्य उचलता येतं, हे तिला ठाऊक आहे. "पण इकडं उचललं तर म्हातारी काय खाईल?"

"आन् ठेकेदार बाराला देतो. कधी पंधराला."

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, असं वेतन संहिता सांगते. छोट्या आस्थापनांसाठी १९३६ च्या कायद्यातही हीच तारीख होती. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ठेकेदाराला हे सांगून पाहिलं का? ती हसते. "सांगितलं की उद्यापासून नको म्हनतो. बाहेर गेटवर पोरं उभीच असतेत."

भाडं, लाइटबिल, हप्ता यांतलं काहीच थांबत नाही. हात आखडता येतो तो फक्त ताटाशी. मोठी दोघं चहा-चपातीवर भागवतात, लेकराच्या दुधाच्या जागी बिस्किट येतं. एका रात्रीत त्याने काही बिघडत नाही. पण दर महिन्याचे हे पाच-सहा दिवस लेकराच्या अंगात साचतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. या आकड्यात आईबाप दोघंही राबतात अशी घरंही आहेत.

कडेवरच्या पोराने पुडा तिथंच फोडलाय. दुकानदार आकडा मांडतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "मोंढ्यातला व्यापारी मला आठ दिवसांच्या वर थांबत नाही. मी यांना महिनाभर थांबतो. मॅडम, ठेकेदाराचं भांडवल आम्हीच हो."

त्याच्या हिशेबात एक नाव राहिलंय. त्या भांडवलात या पोराचं रोजचं अर्धी पिशवी दूधही आहे.