दुर्मीळ गाडी, शर्यतीची गाडी
टोयोटा २००० जीटीपासून कारागिरांनी काय घ्यावे?

दुर्मीळ वस्तू दुरुस्तीला आली की चांगला कारागीर तिला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करतो. एकदा कापलेला पत्रा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. मग अशी वस्तू मुद्दाम कापायलाच दिली असेल तर? जपानच्या टोयोटा २००० जीटी या गाडीच्या बाबतीत तसेच घडले.

ही गाडी १९६७ ते १९७० या काळात बनली. एकूण संख्या फक्त ३५१. टोयोटाने हे काम यामाहाच्या साथीने केले. सहा सिलिंडरच्या १९८८ सीसी इंजिनाचा मूळ ठोकळा टोयोटाचा, पण दोन कॅमशाफ्टचे हेड यामाहाचे. ताकद १५० अश्वशक्ती. यामाहा पियानो बनवणारी कंपनी, म्हणून डॅशबोर्डचे लाकूडकामही तिच्याच कसबी हातांचे. एका गाडीत ओतारी, फिटर आणि सुतार असे तिघांचे हुनर एकत्र आले.

गाडीचा कस आधीच लागला होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये जपानमधील याताबे येथे ती ७२ तास जवळजवळ अखंड पळवली गेली. सरासरी वेग ताशी २०६ किलोमीटर पडला आणि ३ जागतिक व १३ आंतरराष्ट्रीय विक्रम झाले.

परंतु अमेरिकेत नाव कमवायचे तर तिथल्याच शर्यतीत उतरणे भाग होते. टोयोटाने कॅरोल शेल्बी यांच्याकडे तीन गाड्या सोपवल्या. शेल्बी स्वतः १९५९ चे ल मान्स विजेते. १९६८ च्या हंगामात या गाड्या ‘सी प्रॉडक्शन’ वर्गात धावल्या.

हा वर्ग बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा. इथे मन मानेल तसे बदल चालत नाहीत. नियमांच्या चौकटीत राहूनच वेग काढावा लागतो. म्हणून असे काम आधी काढण्याचे असते, जोडण्याचे नंतर. गालिचे आणि ज्यादा आसने निघतात, कारण उतरलेला प्रत्येक किलो वळणावर आणि ब्रेकवर कामी येतो. चालकाच्या रक्षणासाठी पोलादी नळीचा सांगाडा बसतो. स्प्रिंगा कडक होतात. इंजिन पूर्ण उघडून पिस्टन व कनेक्टिंग रॉड तोलून समान वजनाचे केले जातात. वजनात फरक राहिला तर जास्त फेऱ्यांवर इंजिन थरथरते आणि बेअरिंग जाते.

निकाल काय लागला? काही शर्यती जिंकल्या, पण अजिंक्यपद पोर्शेकडे गेले. एका हंगामानंतर टोयोटाने हात आखडता घेतला. सात हजार डॉलरच्या आसपास किंमत असलेल्या या गाडीला अमेरिकेत गिऱ्हाईकही थोडेच मिळाले. त्या दिवसाचा हिशेब मांडला तर सौदा तोट्याचाच.

आता पुढचा हिशेब पाहा. त्या तिघींपैकी एक गाडी, जिचा क्रमांक या मालिकेत पहिला होता, मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत लिलावाला आली. ती २५ लाख ३५ हजार डॉलरना गेली. शर्यतीसाठी बदललेली म्हणून तिचा भाव पडला नाही, उलट वाढला. कारण ती कोणाच्या हातून गेली, कुठे धावली, याचा माग लागत होता. हीच मोडतोड एखाद्या अनोळखी गॅरेजात, कसलीही नोंद न ठेवता झाली असती, तर तिला नुसती बिघडलेली गाडी म्हटले असते.

आमच्या कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच: मोलाची वस्तू हाती आली तर कापण्यापूर्वी फोटो घ्या. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपा आणि मालकाला परत द्या. काय बदलले, कधी बदलले, कोणत्या मापाने बदलले, हे वहीत लिहा व खाली आपले नाव घाला. आपल्याकडे हुनर पुष्कळ आहे, पण वही नसते. मजुरी त्याच दिवशी संपते; नोंद मात्र वस्तूबरोबर राहते आणि कारागिराचे नावही तिच्याबरोबरच टिकते.