फुकटचा खेळ विकायला काढताना

हा माणूस कल्पनेतला आहे, त्याचं काम मात्र खरं. गाव प्राग, महिना नोव्हेंबर २०१३. ‘आर्मा २’ हा युद्धखेळ बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीत तो नेटवर्कचा प्रोग्रामर आहे. आदल्या वर्षी डीन हॉल या न्यूझीलंडच्या माणसाने ‘आर्मा २’वर ‘डे-झी’ नावाचं मॉड चढवलं. मॉड म्हणजे दुसऱ्याच्या खेळात घातलेली फुकट भर. हॉल पूर्वी लष्करात होता. ब्रुनेईच्या जंगलात प्रशिक्षण घेताना भूक काय असते हे त्याने भोगलं होतं, आणि तीच भूक खेळात उतरली. झॉम्बींनी भरलेल्या मुलखात अन्न शोधायचं, तहान भागवायची, आणि एकदा मेलात की जमवलेलं सगळं गेलं. ऑगस्ट २०१२ पर्यंत खेळणारे दहा लाखांवर गेले. त्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं, की ‘डे-झी’ आता हॉलला सोबत घेऊन स्वतंत्र खेळ म्हणून येणार. वायदा २०१२ च्या अखेरचा होता, तो हुकला. पुढचा डिसेंबर आता तोंडावर आलाय.

सकाळी ८:४५
ट्राममध्ये मोबाइलवर रात्रीच्या बिल्डचा, म्हणजे कोडमधून तयार झालेल्या खेळाच्या ताज्या प्रतीचा, निरोप वाचतो. बिल्ड झालंय, पण सर्व्हर पहाटे दोनदा कोसळला. एकदा कोसळला असता तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं.

९:३०
उभ्या उभ्या बैठक. प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे, एवढंच सांगायचं. ॲनिमेशनवाला म्हणतो, “तुझा सर्व्हर उभा राहू दे, मग माझं सांगतो.” सगळे हसतात, तो हसत नाही.

१०:००
दिवसातलं मुख्य काम आता सुरू होतं. प्रश्न एकच: खरं कोण सांगणार?

‘आर्मा’त खेळाडूचा संगणकच सर्व्हरला कळवायचा, की मी इथे आहे, माझ्या हातात ही बंदूक आहे. सर्व्हर बहुतेक वेळा मान डोलवायचा. ओळखीची माणसं एकत्र जमून लुटुपुटूची लढाई खेळतात तिथे एवढा विश्वास पुरतो. ‘डे-झी’त लाखो अनोळखी घुसले आणि त्यांच्याबरोबर चोरही. चार ओळींची स्क्रिप्ट आत सोडून कुणीही सर्व्हरवरच्या सगळ्यांना एका क्षणात मारू शकायचा. तासन्‌तास जपलेला जीव असा गेला की माणूस पुन्हा त्या खेळाकडे फिरकत नाही.

म्हणून उलटं करायचं ठरलं. खेळाडूचा संगणक आता फक्त विनंती करणार: मला दार उघडायचंय, मला हा डबा उचलायचाय. होय की नाही, हे सर्व्हर ठरवणार. शिवाय ज्याला जेवढं जवळचं दिसायला हवं, तेवढीच माहिती त्याच्याकडे पाठवायची. चेर्नारस हा खेळातला मुलूख सव्वादोनशे चौरस किलोमीटरचा. त्यातलं सगळं सगळ्यांना सांगत बसलं तर सर्व्हर गुदमरतो आणि चोराला आयता नकाशा मिळतो.

वायदा हुकला तो मुख्यतः या बदलापायी. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. वर्षभर काम करून दाखवायला काय, तर उचललेला डबा खरोखर उचलला गेला.

दुपारी १२:१५
जवळच्या खाणावळीत दुपारचा ठरलेला बेत: गुलाश आणि क्नेडलिकी. गप्पा गेल्या डिसेंबरवर येतात. तेव्हा अशाच कल्पनेचा, नावानेही जवळचा ‘द वॉर झेड’ घाईघाईने बाजारात आला होता. जाहिरातीत सांगितलेलं खेळात सापडेना, ग्राहक खवळले आणि खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाने तो काही दिवसांतच विक्रीतून काढला. “म्हणून तर उशीर झालेला बरा,” एक जण म्हणतो. दुसरा बशी पुसत विचारतो, “किती उशीर?” त्यावर सूप मागवलं जातं.

१:३०
झॉम्बी भिंतीतून आरपार येतोय. तक्रार जुनीच आहे. मॉडमध्येही तो यायचा. शिवाय तिथे झॉम्बी घरात शिरला की पळायचा थांबून चालू लागायचा. ‘आर्मा’ उघड्या रानातल्या सैनिकांसाठी घडवलेला, चार भिंतींत धावणं त्याला झेपत नसे. ही उणीव खेळाडूंनी ओळखली आणि तिची युक्ती केली: मागे झुंड लागली की घरात शिरायचं आणि मागच्या दाराने निसटायचं.

आता ठरवायचं काय? दोष काढला तर युक्तीही जाते. ठेवला तर पैसे मोजलेला माणूस विचारणार, हा झॉम्बी उंबरठ्यावर आळशी का होतो? स्वतंत्र खेळ करण्यातली खरी अडचण हीच आहे. लोकांना मॉड आवडलं, पण त्यातलं नेमकं काय आवडलं हे त्यांनाही फोडून सांगता येत नाही. उसन्या इंजिनाच्या, म्हणजे ‘आर्मा’ ज्यावर चालतो त्या मूळ सॉफ्टवेअरच्या, मर्यादांवरच खेळाची निम्मी शिस्त उभी होती.

३:१५
खिसे. मॉडमध्ये सामान ‘आर्मा’च्या लष्करी खणांत बसायचं. आता अंगावरच्या प्रत्येक कपड्याला स्वतःचे खिसे आहेत, प्रत्येक वस्तूची झीज आहे. गोळी जाकिटाला लागली तर खिशातला डबाही फुटू शकतो. डिझायनर खूश आहे. प्रोग्रामर मनात हिशेब करतो: एक माणूस, पाच कपडे, प्रत्येकात चार वस्तू, आणि प्रत्येकीची स्थिती सर्व्हरने लक्षात ठेवायची. माणूस मेला तरी त्या वस्तू तिथेच पडून राहणार. पहाटे सर्व्हर का कोसळला, याचा माग इथेच लागतो.

५:००
बाहेर अंधार पडलाय. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा वाजलेत, तिकडचे टेस्टर खेळात उतरतात. दुरुस्त केलेलं बिल्ड चढतं. अर्धा तास सर्व्हर उभा राहतो. मग एकाच्या हातातली कुऱ्हाड नाहीशी होते, पण दुसऱ्याला ती त्याच्या हातात दिसत राहते. बगची नोंद होते.

६:३०
तोही खेळायला बसतो. समुद्रकिनाऱ्यावर जाग येते, हाताशी जवळपास काहीच नाही. एका कोठारापाशी कुणीतरी माइकवर विचारतं, “मित्र आहेस ना?” तो हो म्हणतो. दोघेही एकमेकांकडे पाठ करत नाहीत. या खेळात झॉम्बीपेक्षा माणसाची भीती जास्त, आणि ती कुणी कोडमध्ये लिहिलेली नाही. तुटवडा, आवाज आणि मरणाची किंमत एवढंच लिहायचं असतं. पण कुऱ्हाड कुणाच्या हातात आहे याबद्दल दोघांचे संगणक वेगवेगळं सांगू लागले, तर ती भीती उरत नाही, नुसता वैताग उरतो. सकाळच्या कामाचं मोल त्याला या कोठारापाशी कळतं.

रात्री ८:१५
उद्याची यादी: कुऱ्हाड, मेलेल्यांचे खिसे, भिंत. भिंत कालच्या यादीतही होती.

खेळ १६ डिसेंबर २०१३ ला स्टीमवर आला, तोही ‘अजून अपुरा आहे, हे समजूनच घ्या’ अशा स्पष्ट इशाऱ्यासह. महिनाभरात दहा लाख प्रती खपल्या. भिंतीतून येणारे झॉम्बी पहिल्या दिवसापासून हजर होते. मॉडमध्ये ज्यांच्यावर विनोद व्हायचे, त्यांच्यावर आता तक्रारी आल्या. २०१४ संपता संपता हॉलही कंपनीतून बाहेर पडला. १.० ही आवृत्ती निघाली १३ डिसेंबर २०१८ ला, पहिल्या विक्रीनंतर पाच वर्षांनी. मॉड एका माणसाच्या हट्टातून काही महिन्यांत उभं राहिलं, कारण नकाशा, बंदुका, इंजिन सगळं आयतं होतं. स्वतंत्र व्हायचं म्हणजे त्या आयत्या गोष्टींची किंमत एकेक करून चुकवायची, आणि ती चुकवताना खेळाडू दारात उभे असतात, हातात पावती घेऊन.